अंधेरीच्या मैदानात अबुधाबीचा पैसा

सरकारी पैसा म्हटला की चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरातील वाचकाला महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आठवणे स्वाभाविक आहे. ही कंपनी राज्य सरकारच्या मालकीची आहे, तिचे हिशेब भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येतात, त्यांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि कोणत्याही आमदाराला त्यावर प्रश्न विचारता येतो. व्यावसायिक फुटबॉल क्लबांमध्ये गेल्या दोन दशकांत परक्या राज्यसत्तांचा जो पैसा शिरला, त्याला मात्र असा हिशेब मागणारे विधिमंडळ नाही. शिवाय तो बहुतेक वेळा सरकारच्या नावाने येतच नाही. राजघराण्यातील एखादी व्यक्ती, तिची गुंतवणूक कंपनी, सरकारी विमानसेवा, किंवा तेल आणि वायूच्या उत्पन्नातून देशाने उभारलेला गुंतवणूक निधी, ज्याला सार्वभौम संपत्ती निधी म्हणतात, अशा वेगवेगळ्या दारांनी तो येतो. या प्रकारची महाराष्ट्रातील सर्वांत ठळक घटना मुंबईत घडली आणि तिची अखेरही तिथेच झाली.

इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा अभिनेते रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख हे मुंबई सिटी एफसीचे मालक होते. 28 नोव्हेंबर 2019 रोजी या क्लबचा 65 टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुप घेत असल्याची घोषणा झाली. इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी हा या समूहाचा मुख्य क्लब असून समूहाची बहुसंख्य मालकी शेख मन्सूर बिन झायेद अल नहयान यांच्याकडे आहे, आणि त्यांच्याच अबुधाबी युनायटेड ग्रुपने 2008 मध्ये मँचेस्टर सिटी विकत घेतला होता. शेख मन्सूर हे अबुधाबीच्या सत्ताधीशांचे बंधू असून संयुक्त अरब अमिरातीच्या मंत्रिमंडळात दीर्घकाळ उपपंतप्रधान राहिलेले आहेत. क्लब ही आपली खाजगी गुंतवणूक आहे, असे मालकांकडून सांगितले जाते. तथापि मँचेस्टर सिटीचे अध्यक्ष खल्दून अल मुबारक हे अबुधाबीच्या मुबादला या सार्वभौम निधीचेही प्रमुख आहेत, आणि ज्या राज्यात सत्ता एका घराण्याकडे असते तिथे घराण्याची तिजोरी कुठे संपते व राज्याची कुठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला सिद्ध करता येणे जवळजवळ अशक्य असते. या साऱ्या वादाचे मूळ याच अस्पष्टतेत आहे.

या पैशाला प्रायोजकत्वाचे वळण का घ्यावे लागते, ते समजून घेण्यासारखे आहे. युरोपीय फुटबॉल संघटनेने, म्हणजे यूएफाने, 2010 नंतर असा नियम आणला की क्लबाने साधारणपणे स्वतःच्या उत्पन्नाएवढाच खर्च करावा आणि मालकाने खिशातून ओतलेला पैसा ठरावीक मर्यादेपलीकडे धरला जाऊ नये. तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजकत्व मात्र उत्पन्नात मोजले जाते; त्यामुळे मालकाच्याच देशातील कंपनीने बाजारभावापेक्षा मोठी रक्कम जर्सीवरील नावासाठी दिली, तर मालकाचे अनुदान कागदावर कमाई म्हणून दिसू शकते. म्हणूनच अशा व्यवहारांत ‘संबंधित पक्ष’ कोण आणि त्या जाहिरातीचे रास्त मोल किती, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. अबुधाबीची सरकारी विमानसेवा एतिहाद 2009 पासून मँचेस्टर सिटीच्या जर्सीवर आहे आणि 2011 पासून स्टेडियमलाही तिचेच नाव आहे. जर्मनीतील ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंतर्गत पत्रव्यवहारात असे सूचित होत होते की एका हंगामाच्या 6 कोटी 75 लाख पौंडांच्या प्रायोजकत्वापैकी विमानसेवेने स्वतः फक्त 80 लाख द्यायचे होते आणि उरलेली रक्कम मालकाच्या कंपनीकडून यायची होती. क्लबने हे आरोप नाकारले. यूएफाने फेब्रुवारी 2020 मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. क्रीडा लवादाने त्याच वर्षी जुलैत ती उठवली, कारण त्याच्या मते बरेचसे आरोप एकतर सिद्ध झाले नव्हते किंवा मुदतबाह्य झाले होते, आणि चौकशीत सहकार्य न केल्याबद्दलचा दंड तेवढा, तोही कमी करून, 1 कोटी युरो ठेवला. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये प्रीमियर लीगने शंभराहून अधिक नियमभंगांचे आरोप क्लबवर ठेवले आणि क्लबने तेही फेटाळले.

मुंबईला या मालकीचा मैदानावर लाभ झाला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. त्याआधी एकही करंडक न जिंकलेल्या या संघाने 2020-21 च्या हंगामात साखळीतील अव्वल स्थानाची शील्ड आणि अंतिम विजेतेपद अशी दोन्ही पटकावली; 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला केलेला गोल त्या हंगामाचा कळस ठरला. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असे हरवून, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. एकाच मालकाचे अनेक देशांत क्लब असण्याच्या पद्धतीला बहुक्लब मालकी म्हणतात, आणि तिचे स्वरूप मुंबईच्या प्रशिक्षकांकडे पाहिले तरी उमगते: सर्जिओ लोबेरा मुंबईहून समूहाच्याच चीनमधील सिचुआन जिउनिऊकडे गेले, तर त्यांच्यानंतरचे डेस बकिंगहॅम आणि पेत्र क्रात्की हे दोघेही समूहाच्या मेलबर्न सिटीतून आले.

मैदानाच्या बाबतीत मात्र असे काही घडले नाही. मँचेस्टरमध्ये याच समूहाने शहराच्या पूर्व भागात मोठे प्रशिक्षण संकुल बांधले, जे 2014 मध्ये सुरू झाले. मुंबई सिटी महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील अंधेरीच्या छोट्या मैदानावरच खेळत राहिला आणि आशियाई स्पर्धेतील घरच्या सामन्यांसाठी त्याला पुण्याचे बालेवाडी किंवा नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम गाठावे लागले. नेरूळला 6 नोव्हेंबर 2023 रोजी त्याची गाठ सौदी अरेबियाच्या अल हिलालशी पडली, ज्याचा 75 टक्के हिस्सा त्याच वर्षी सौदी सार्वभौम निधीने घेतला होता. सामना अल हिलालने 2-0 असा जिंकला. पण नवी मुंबईच्या त्या हिरवळीवर आखातातील दोन राजघराण्यांचा पैसा आमनेसामने उभा होता, ही गोष्ट त्या निकालाहून अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अशा पैशाचा हेतू नफा नसतो असे नाही, पण नफा हा एकमेव हेतू क्वचितच असतो. मानवी हक्कांच्या प्रश्नांवरून होणाऱ्या टीकेपासून लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी राज्यकर्ते खेळाच्या लोकप्रियतेचा वापर करतात, हा ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संघटनांचा आक्षेप आहे. जर्मनीतील गेल्सेनकिर्शेनचे उदाहरण कोळसापट्ट्यातील वाचकाला विशेष जवळचे वाटेल. खाणकामगारांचा क्लब म्हणून वाढलेल्या शाल्के 04 च्या जर्सीवर 2007 पासून रशियाच्या सरकारी वायुकंपनीचे, गाझप्रॉमचे नाव होते, आणि त्याच काळात रशियन वायू थेट जर्मनीत आणणाऱ्या समुद्राखालील वाहिनीचे कामही पुढे सरकत होते. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण करताच शाल्केने ते नाव जर्सीवरून उतरवले, आणि आधीच दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या व कर्जात बुडालेल्या क्लबाला मुख्य प्रायोजकावर पाणी सोडावे लागले. शाल्के मात्र टिकला, आणि त्याचे एक कारण असे की तो आजही सभासदांचा क्लब आहे. व्यावसायिक क्लबातील बहुमताचे मत सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे, असा जर्मन फुटबॉलचा सर्वसाधारण नियम आहे.

भारतात असे कवच नाही, आणि ते नसल्याचे परिणाम मुंबईने भोगले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ज्या कराराने दिले होते, त्याची मुदत डिसेंबर 2025 मध्ये संपत होती. नूतनीकरण न झाल्याने जुलैतच नवा हंगाम स्थगित झाला आणि नोव्हेंबरमध्ये महासंघाच्या निविदेला एकही बोली आली नाही. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने लीगच्या भवितव्याबाबतच्या अनिश्चिततेचे कारण देत आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे गेला. व्यापारी हिशेबाने हा निर्णय समजण्यासारखा आहे आणि त्याला कारणीभूत झालेली अनागोंदी मुख्यतः इथल्याच व्यवस्थेची आहे. तरीही अंधेरीच्या गॅलरीत वर्षानुवर्षे येणाऱ्या प्रेक्षकाला 2019 मध्ये कोणी विचारले नव्हते आणि 2025 मध्येही विचारले नाही. इंग्लंडने 2025 मध्ये कायदा करून क्लबांच्या मालकांची पात्रता तपासणारा स्वतंत्र नियामक निर्माण केला. भारतातील महासंघालाही क्लबांना परवाना देतानाच हे काम करता येईल: अंतिम मालक कोण आणि प्रायोजकांपैकी त्याच्याशी संबंधित कोण, हे दरवर्षी जाहीर करायला लावावे, आणि बहुमताचा हिस्सा सोडणाऱ्या मालकावर किमान एका हंगामाची पूर्वसूचना बंधनकारक करावी.