तिघांची भागी आणि शाळेतले त्रैराशिक

लग्नसराई संपून मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. एका संध्याकाळी आमच्या वस्तीतले तीन तरुण आमच्या दारात येऊन बसले. जयभीम झाला, चहा झाला, पण कोणी बोलेना. तिघांनी वर्षापूर्वी भागीत मंडप, भांडी आणि लाऊडस्पीकरचा धंदा काढला होता. चारठाणा म्हणजे जिंतूर तालुक्यातले जुने गाव. इथली कोरीव दगडी मंदिरे पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. पण गावच्या पोटापाण्याचा गाडा चालतो तो शेतीवर, मजुरीवर आणि असल्या लहानसहान धंद्यांवर. पोरांनी मुंबई-पुण्याची वाट न धरता गावातच काही उभे केले याचे आम्हाला कौतुक होते. तीच पोरे आता एकमेकांकडे पाहायला तयार नव्हती.

भांडण नफ्याचे होते. टेम्पो, डिझेल, रोजंदारीची माणसे असा सगळा खर्च जाऊन वर्षअखेर ६०,००० रुपये उरले होते. पहिल्याने सुरुवातीलाच ४०,००० घातले होते आणि तिसऱ्याने २०,०००. दुसरा चार महिन्यांनी आला, पण आला तो ६०,००० घेऊन. त्या पैशातून लाऊडस्पीकर आला आणि धंद्याला खरा जोर चढला.

दुसऱ्याचे म्हणणे साधे होते. एकूण भांडवल १,२०,००० आणि त्यातले निम्मे त्याचे, म्हणून नफाही निम्मा, म्हणजे ३०,०००. पहिल्याला २० हजार आणि तिसऱ्याला १० हजार. पहिला म्हणाला, "याचे पैसे आठच महिने होते, माझे बारा महिने अडकून पडले. त्याचे काय?" तिसरा बराच वेळ गप्प बसला होता. शेवटी म्हणाला, "दादा, माहे पैसे कमी हायेत, कबूल. पण बांबू कोणी उचलले? रात्री दोन वाजता मंडप कोणी सोडला?"

वाचक बंधू-भगिनींनो, तिघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. आम्ही कचेरीतले कारकून, बी.कॉम. झालेले. वस्तीत कुणाच्या हिशेबात गाठ पडली की ती आमच्याकडे येते. त्या रात्री आम्ही पाटी काढली आणि सातवी-आठवीत शिकलेले तेच गणित पुन्हा मांडले.

आधी पहिल्याचे म्हणणे घेऊ. पैसा किती आणि तो किती दिवस राहिला, या दोन्हींचा गुणाकार करायचा. पहिल्याचे ४०,००० गुणिले १२ महिने, म्हणजे ४,८०,०००. दुसऱ्याचे ६०,००० गुणिले ८, तेही ४,८०,०००. तिसऱ्याचे २०,००० गुणिले १२, म्हणजे २,४०,०००. प्रमाण निघाले २ : २ : १. एकूण भाग पाच, एक भाग १२,००० रुपयांचा. म्हणजे पहिल्याला २४,०००, दुसऱ्याला २४,००० आणि तिसऱ्याला १२,०००. शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रमाणात वाटणी म्हणतात ती हीच. दुसऱ्याचा चेहरा पडला, पण हिशेब त्याला पटला. मोठी रक्कम थोडे दिवस आणि लहान रक्कम जास्त दिवस, यांचे वजन सारखे होऊ शकते हे त्याच्या ध्यानात आले.

तिसऱ्याचा घाम मात्र अजून पाटीवर आला नव्हता. त्याने ५० ऑर्डरी स्वतः उभ्या राहून केल्या होत्या. त्या कामाला बाहेरचा माणूस लावला असता तर ऑर्डरीमागे ३०० रुपये गेले असते, हे बाकीच्या दोघांनीही मान्य केले. मग ती मजुरी नफ्याच्या आधी बाजूला काढायला नको का? ५० गुणिले ३०० म्हणजे १५,०००. उरले ४५,०००. ते २ : २ : १ प्रमाणात वाटले तर १८,०००, १८,००० आणि ९,०००. तिसऱ्याचे ९,००० अधिक मजुरी १५,००० मिळून २४,००० झाले. म्हणजे ज्याला एका हिशेबाने दहा हजार मिळत होते, त्याला दुसऱ्या हिशेबाने चोवीस मिळतात. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. फरक आहे तो कशाचे प्रमाण धरायचे या ठरावाचा, आणि तो ठराव धंदा सुरू करतानाच व्हायला हवा होता.

तो झाला नाही तर काय होते, हे आम्ही तिघांना कायद्यातून सांगितले. आपल्या देशात भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे, भागीदारांमध्ये वेगळे काही ठरलेले नसेल तर नफा सर्वांना सारखा आणि तोटाही सारखा. भांडवल कुणी किती घातले हे तिथे विचारले जात नाही. धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला वेगळा मेहनताना मागता येत नाही. म्हणजे प्रत्येकी २०,०००. निम्मे भांडवल घालणाऱ्यालाही वीस आणि रात्री दोनला मंडप सोडणाऱ्यालाही वीस. तोंडी ठरलेलेही कायद्याला चालते म्हणा, पण उद्या एकाने नाही म्हटले तर ते सिद्ध कसे करणार? शिवाय भागीदारीची नोंदणी नसेल तर करारातला हक्क मागण्यासाठी भागीदाराला दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. फक्त भागीदारी मोडायची असेल किंवा मोडलेल्या भागीदारीचा हिशेब मागायचा असेल तर दार उघडे राहते, म्हणजे घर मोडतानाच न्याय मागायचा. भागीपत्र लिहायला आपली माणसे लाजतात, भावाभावात कागद कशाला म्हणतात. आमचा अनुभव असा की कागद नसतो तिथेच भाऊ तुटतो.

हे गणित नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त तीन व्यापाऱ्यांचे उदाहरण आहे. त्यांचे भांडवल ५१, ६८ आणि ८५, एकत्र धंद्यातून झाले ३००, तर कुणाचे किती? बेरीज २०४. उत्तरे ७५, १०० आणि १२५. आमच्या मंडपवाल्यांसारखेच हे तिघे. त्याच ग्रंथात व्यस्त त्रैराशिक आहे, म्हणजे एक वाढले की दुसरे त्याच प्रमाणात घटते असा हिशेब. पण त्याला दिलेले उदाहरण वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटले होते. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती? लगेच पुढे जोतलेल्या बैलाचे उदाहरण येते. १८१७ साली कोलब्रुक यांनी इंग्रजी भाषांतर केले तेव्हा तिथे दासी असा अर्थ लावला. उत्तर निघते २५.६ निष्क, आणि आकडेमोड अगदी निर्दोष आहे. गणिताच्या पुस्तकात बाई बैलाच्या ओळीत उभी राहते, यावरून त्या काळचा समाज कळतो. गणित घ्यावे, उदाहरण आपण आपले घालावे.

तर आमचे उदाहरण सोयाबीन काढणीचे. आपल्या बाया गुत्त्याने काढणी घेतात. समजा तीन एकर, एकरी ४,००० प्रमाणे गुत्ता १२,००० रुपयांचा. सहा जणींना चार दिवस लागतात. आभाळ भरून आले आणि शेतकरी म्हणाला, दोन दिवसांत उरका. किती बाया हव्यात? दिवस निम्मे झाले म्हणून माणसे दुप्पट, म्हणजे बारा. हे व्यस्तप्रमाण. यात लक्षात घ्यायची गोष्ट पुढेच आहे. सहा जणींचे चार दिवस म्हणजे २४ रोज, बारा जणींचे दोन दिवस म्हणजेही २४ रोज. एका रोजाला ५०० रुपये दोन्हीकडे पडतात. म्हणून "बाया जास्त आणल्या, आता रोज कमी पडेल" असे कोणी म्हणाले तर मावशींनी त्याला बसवून २४ हा आकडा दाखवावा. रोज बदलत नाही, फक्त प्रत्येकीला चार दिवसांऐवजी दोनच दिवसांचे काम मिळते.

वाटणीत मात्र गडबड होते. एकीचे लेकरू आजारी पडते, एकीला माहेरी जावे लागते. समजा तिघी चार-चार दिवस आल्या, दोघी तीन-तीन दिवस आणि एक दोनच दिवस. एकूण रोज भरले १२ अधिक ६ अधिक २, म्हणजे २०. काम तेवढ्यात उरकले. १२,००० भागिले २०, एका रोजाला ६००. पहिल्या तिघींना २,४००, दोघींना १,८०० आणि शेवटच्या बाईला १,२००. अनेकदा सहाने भागून प्रत्येकीला २,००० देतात, नाहीतर कमी दिवस आलेल्या बाईला काहीतरी हातावर टेकवतात. दोन्हीत कुणाचा तरी रोज बुडतो. आमच्या आईवडिलांच्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांवर माती वाहिली, खडी फोडली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्या कामांवरही गटाने खोदलेल्या मातीचे माप घ्यायचे आणि हजेरीप्रमाणे पैसे पाडायचे. ज्यांना हजेरीपट वाचता येत नव्हता त्यांनी किती रोज गमावले ते कुठेच लिहिलेले नाही.

व्यस्तप्रमाणालाही मर्यादा असते. सहा बायांना चार दिवस, म्हणून एकशे चव्वेचाळीस बाया एका वेळचा चहा होईतो शेत मोकळे करतील असे होत नाही. शेतात पाय ठेवायला जागा लागते, विळे लागतात. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर इंग्रजीत एक लेख लिहिला. तोही एका अर्थाने प्रमाणाचाच. जमीन लहान की मोठी, एवढ्यावरून ती किफायतशीर ठरत नाही, जमिनीला भांडवल आणि श्रम यांची जोड योग्य प्रमाणात मिळते की नाही हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. शेतीवर जास्त झालेल्या हातांना उद्योगात काम मिळाले पाहिजे हा त्यांचा उपाय. आमच्या तीन मंडपवाल्यांकडे पाहताना तो लेख आम्हाला आठवला.

आता मोंढ्यातला हिशेब, कारण दोन-चार एकरवाल्या आपल्या माणसांना तो दरवर्षी नडतो. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो असे मानतात. २०२४ च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीसाठी केंद्र सरकारने तो १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला होता. समजा माल १५ टक्क्यांचा निघाला. व्यापारी कडता कापणार, पण न्यायाने किती? पुष्कळ जण १५ वजा १२ म्हणजे तीन किलो म्हणतात. नीट पाहा. १०० किलोत पाणी १५ आणि कोरडा माल ८५ किलो. कोरडा माल वाळवल्यावरही ८५ च राहतो. फक्त आता तो एकूण वजनाच्या ८८ टक्के व्हायला हवा. ८८ किलो कोरड्याला १०० किलो माल, तर ८५ ला किती? समप्रमाणाने ९६.५९. म्हणजे घट क्विंटलला ३.४१ किलो. इथे खरे प्रमाण व्यापाऱ्याच्या बाजूने बोलले, आणि ते मान्य करावे. पण तोच जर पाच किलो कापत असेल तर दहा क्विंटलला ५० किलो गेले, जायला हवे होते ३४. वरचे १६ किलो कशाचे? त्या वर्षीच्या ४,८९२ रुपये हमीभावाने ते पावणेआठशे रुपयांच्या वर जातात. एका बाईचा रोज त्यापेक्षा कमी असतो.

व्याजाचेही तसेच. कुणी म्हणते दहा हजार घ्या, शेकडा बारा वर्षाला, बारा हप्त्यांत फेडा, व्याज १,२००. दर ऐकायला बरा वाटतो. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, मग व्याज पूर्ण दहा हजारांवर का? महिन्याला एक टक्का धरून शिल्लक मुद्दलावर आकारले तर वर्षाचे व्याज होते ६५० रुपये. बचत गटातल्या भगिनींनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एवढेच विचारावे, व्याज घेतलेल्या रकमेवर की उरलेल्या रकमेवर?

मंडपाच्या भागीकडे परत येऊ. त्या रात्री वाद मिटला नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा भागीदार आला आणि म्हणाला की मजुरी आधी काढायची हे त्याला मान्य आहे, पण पुढच्या वर्षी तोही ऑर्डरीला उभा राहणार आणि त्याचीही हजेरी लिहायची. पहिल्याने कुरकुर केली, कारण तो जिंतूरला दुकानात कामाला जातो आणि त्याला रात्री उभे राहणे जमत नाही. पण शेवटी तोही तयार झाला. आम्ही वहीला चार रकाने पाडून दिले. तारीख, ऑर्डर, कोण हजर, जमा-खर्च. पहिल्या पानावर ठराव लिहिला. मजुरी ऑर्डरीमागे ३००, उरलेला नफा रक्कम गुणिले महिने या प्रमाणात. तिघांनी सह्या केल्या. नोंदणीचे कागद करायला आम्हीच त्यांच्यासोबत जाणार आहोत.

तिसरा उठता उठता थांबला. "दादा, आन् तोटा?" खरेच, तोटा आम्ही लिहायला विसरलो होतो. तोटाही २ : २ : १ असे लिहिले. आठ दिवसांत लाऊडस्पीकरचे युनिट जळाले. दुरुस्तीला ३,६०० लागले. आम्ही पेन काढेपर्यंत तिसऱ्याने सांगून टाकले, "चौदाशे चाळीस, चौदाशे चाळीस, आन् माहे सातशे वीस."