दहा वाजता डीजे बंद होतो

दहाला पाच कमी. शिरगावातल्या या मांडवात नवरीचा मामा डीजेवाल्यासमोर उभा राहून मनगटावर बोट आपटतो आहे. रात्री दहानंतर कर्णे वाजवायचे नाहीत, हा नियम 2000 सालचा. डीजेवाला कुरकुरतो, शेवटचं गाणं अर्ध्यावर तोडतो. इतका वेळ छातीत बसणारा ठोका थांबतो आणि हळूहळू बाकीचं ऐकू यायला लागतं: मागच्या अंगणातली भांडी, कुणाचं तरी पेंगुळलेलं रडकं पोर, माडांतून फिरणारा वारा. पोरं नाराज होऊन खुर्च्यांवर पसरतात. बायका मात्र पदर खोचून सतरंजीवर पुढे सरकतात.

मी नवरीच्या आईच्या मावशीला खेटून बसले आहे. सगळा गाव तिला बाय म्हणतो. पालघरच्या बाजारात तिनं उभा जन्म पाटीमागे बसून काढला. आता गुडघे साथ देत नाहीत, पण गळा आणि डोळा दोन्ही शाबूत आहेत. डोळा जास्तच. आत्ता तो मांडवाच्या दारावर खिळला आहे, कारण तारापूरहून उष्टी हळद येऊन ठेपली आहे.

नवऱ्याच्या अंगाला लागलेली हळद वाटीत घेऊन त्याच्या घरच्या बायका नवरीकडे येतात. नवरीकडच्या बायका त्यांचे पाय धुतात, त्यांना कुंकू लावतात, पाणी देतात आणि मग त्यांची यथेच्छ टर उडवतात. गाण्यात, नाव घेऊन, तोंडावर. आजची मंडळी बोईसरच्या नाक्यावर अडकली होती. कारखान्यांची पाळी सुटायची वेळ, रिक्षा, कंपन्यांच्या बसगाड्या, त्यात यांचा टेम्पो. दीड तास उशीर. वराची आई स्वतः आली आहे, मागे सहा-सात जणी. तिच्या एका हातात हळदीचा डबा, दुसऱ्या हातात मासळीची पिशवी. विहिणीच्या दारी रिकाम्या हातानं कोण येतं?

बाय पिशवी उघडते, आत बघते, काही बोलत नाही. पिशवी आत पाठवते. वाटतं, विषय संपला. मग ती टाळी धरते आणि पहिली ओळ सोडते:

"फोनवर होतं पापलेट, पिशवीतून निघाली मांदेली..."

मागच्या बायका ओळ उचलतात. एकदा म्हणतात, पुन्हा म्हणतात. मी बायच्या चेहऱ्याकडे बघते. तिचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. बायका ओळ घोळवतात तेवढा वेळ तिचा आहे. दुसरी ओळ त्या वेळात जुळली पाहिजे. दोन आवर्तनं म्हणजे फार तर दहा-बारा सेकंद. दुसरं आवर्तन संपताना ती डोळे उघडते:

"विहीण आमची मनाची मोठी, मन घरी ठेवून आली!"

मांडव फुटतो. वराची आई तोंडाला पदर लावते. खांदे हलताहेत, म्हणजे हसते आहे. संस्कृत काव्यशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात: वरून स्तुती, आतून निंदा. 'मनाची मोठी' म्हणताना समोरची क्षणभर सुखावते आणि तेवढ्यात पायाखालची फळी निघते. बायला हा शब्द कुणी सांगितलेला नाही. तिला अलंकार येतो, नाव येत नाही, एवढंच. हे मी कौतुकानं म्हणते आहे असंही नाही. हे कौशल्य आहे आणि कौशल्यासारखंच मोजलं पाहिजे. पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसलेली खरी गोष्ट हवी. दुसरीत ती उलटी फिरली पाहिजे. आणि फिरल्यावर समोरच्याला हसण्याखेरीज वाट उरता कामा नये.

तारापूरकर गप्प बसणार नाहीत. वराची आत्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू, उभी राहूनच टाळी धरते:

"मांदेलीचे काटे गो बाय, केसापरीस बारीक..."

आता त्यांच्या बायका ओळ घोळवतात. आमच्या बाजूला कुजबुज थांबते. बाय मान तिरकी करून ऐकते, बाजारात दुसऱ्या पाटीचा भाव ऐकावा तशी.

"विहिणीच्या जिभेला काटे शंभर, त्यांची करा तारीफ!"

बायच सगळ्यांत आधी दाद देते. "आलं हो, आलं!" म्हणत मांडीवर थाप मारते.

नवरीची एक काकी उंबरगावची आहे, डहाणूच्या पलीकडची, राज्याची हद्द ओलांडून. ती माझ्या कानाशी सांगते, "आमच्याकडे यांना फटाणां म्हणतात. नवऱ्याच्या मामाला तर आम्ही सोडतच नाही." मागे घरातली भाडेकरीण उभी आहे, उत्तर प्रदेशची; तिचा नवरा बोईसरच्या कारखान्यात आहे. तिला शब्द अर्धेच कळताहेत, पण प्रकार पुरता कळतो आहे. "गारी," ती मान हलवून म्हणते. तुलसीदासांच्या रामचरितमानसात जनकाच्या घरी वऱ्हाड जेवायला बसतं, तेव्हा मिथिलेच्या बायका दशरथाच्या घरच्या बायापुरुषांची नावं घेऊन अशाच गारी गातात, आणि दशरथराजा हसतो. सोळाव्या शतकातलं काव्य. देवाचं लग्न असलं तरी त्यातून सुटका नाही. जुन्या रोमन लग्नांतही असली गाणी होत. इसवी सनपूर्व 46 मध्ये ज्यूलिअस सीझरची विजययात्रा निघाली, तेव्हा त्याचेच सैनिक त्याच्या टकलावर गाणी म्हणत मागून चालले होते. मोठ्या भाग्याच्या क्षणी माणसाला नजर लागू नये म्हणून त्याला थोडं खाली ओढायचं, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. बायला मी विचारते, हे कशासाठी? ती नवरीच्या कानामागच्या काजळाच्या ठिपक्याकडे हनुवटी उडवते. "ते कशासाठी? तसंच हे."

गाणी आता वेगात आहेत. वराच्या मामाची दुचाकी, जी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. नवरीच्या चुलत्याची झोप, जिच्यापुढे अणुशक्ती केंद्राचा भोंगाही हरतो. तारापूरचं ते केंद्र 1969 पासून वीज देतं आहे; आमच्याकडची एक तरुण सून लगेच ओळ टाकते की विहिणीच्या गावाला एवढी वीज, तरी नवरदेवाच्या डोक्यात उजेड पडला तो आमची मुलगी बघितल्यावर. या ओळीला दोन्ही बाजूंनी टाळ्या पडतात. सून लाजून बायच्या पाठीमागे सरते. शब्द नवे आहेत, चाल जुनी आहे. कला जिवंत आहे की नाही हे मी त्यावरून ओळखते. पाठ केलेली गाणी पुस्तकात टिकतील. समोरच्या पिशवीतली मांदेली बघून दहा सेकंदांत ओळ जुळवणं पुस्तकात टिकत नाही.

आणि मग ते होतं, ज्यासाठी मी ही रात्र लिहून ठेवते आहे.

त्याच सुनेला आता जोर चढला आहे. नवरदेवावर दुसरी ओळ घ्यायची आहे. ती बायच्या कानाशी वाकते आणि काहीतरी सांगते. मी जवळ आहे, मला ऐकू येतं: तो काम करायचा ती कंपनी बंद पडली होती, पाच महिने तो घरी होता, त्यावर यमक जुळतं आहे. छान जुळतं आहे, खरं सांगायचं तर. पहिली ओळ सुटलेली आहे, बायका ती घोळवताहेत, वेळ थोडा आहे. बाय तिच्याकडे बघतही नाही. फक्त आपला हात, सुरीच्या जुन्या व्रणांचा, आंगठ्याचं नख तुटलेला, तिच्या गुडघ्यावर ठेवते आणि दाबते. दाबूनच ठेवते. दुसरं आवर्तन संपतं. बाय ओळ वळवते ती नवरदेवाच्या मिशीवर. मिशी पेरली पण पाऊस नाही झाला, अशा अर्थाचं काहीतरी. यमक लंगडं आहे. तिचं आजचं सगळ्यांत पडेल गाणं. हशा बेताचाच होतो.

समोर वराची आई बसली आहे. तिच्या चेहऱ्यावर पहिल्या ओळीनंतर काहीतरी ताणलं गेलं होतं. मिशीचा उल्लेख येताच ते सैल होतं. तिला समजलं आहे. बायला समजलं आहे की तिला समजलं. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.

नंतर, चहाचे कप फिरत असताना, सून विचारते, "बाय, चांगलं होतं ना माझं?"

"चांगलं होतं," बाय म्हणते. "मीठ सुकटाला लावायचं गो. जखमेला नाही."

साताऱ्याकडे, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी या दोन गावांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना हातवारे करत शिव्या घालतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. तिथं मध्ये पाणी असतं. इथं मध्ये काहीच नाही, एक सतरंजी आहे, आणि उद्यापासून या घरची मुलगी त्या घरात नांदणार आहे. त्यामुळे नेम जास्त सांभाळावा लागतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं एकामागून एक सांगितली, पण ती कुणा एकाचं नाव न घेता. बायला नाव घ्यावंच लागतं, आणि नाव घेऊनही घाव चुकवावा लागतो. मला हे जास्त अवघड वाटतं. रोज फोनवर, रस्त्यावर, सभांमधून जे अपमान आपण ऐकतो त्यात जखम नेमकी शोधलेली असते आणि तिथंच बोट घातलेलं असतं. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून बायचं ते लंगडं यमक मला आज रात्रीच्या सगळ्या चांगल्या ओळींपेक्षा मोलाचं वाटतं.

साडेअकरा होत आले. हळद लागून झाली, नवरीचे गाल पिवळे, डोळे लाल. मंडळी निघायच्या तयारीत. सगळ्या उठल्या, एक उठत नाही: वराची धाकटी काकी, कोपऱ्यात, ओटीचा नारळ मांडीवर घेऊन. चेहरा उतरलेला. नवरीची आई घाबरते. काही कमी पडलं का? साडी आवडली नाही? जेवण?

"सगळ्यांना म्हटलंत," काकी म्हणते. आवाज खरंच भरून आला आहे. "माझं नाव कुणी घेतलं नाही. मी काय परकी?"

क्षणभर सगळं स्तब्ध. मग बाय, जी गुडघ्यांमुळे एकदा बसली की दोघींनी धरल्याशिवाय उठत नाही, ती सतरंजीवर हात टेकत टेकत सरकत तिच्यापर्यंत जाते. समोर बसते. तिला नीट न्याहाळते, वेणीपासून चपलांपर्यंत. मागच्या बायका न सांगता टाळी धरतात.

"धाकटी विहीण कोपऱ्यात, नारळ घेऊन मांडीला..."

एकदा. दुबार. काकी श्वास रोखून बसली आहे.

"नारळ म्हणतो, सोडव देवा, डोकं कुणाचं, कळेना मला!"

काकी आधी नारळाकडे बघते. मग असं हसते की नारळ घरंगळत सतरंजीखाली जातो आणि तीन पोरं त्याच्यामागे धावतात. बाय तिच्या गालाला हळद लावते. दोघी एकमेकींच्या गळ्यात.

टेम्पो सुरू होतो. दिवे पालघरच्या रस्त्याकडे वळतात. शेवटच्या खिडकीतून काकी अर्धी बाहेर येते आणि अंधारात ओरडते, "उद्या लवकर या गो! मंडपात पोचेपर्यंत तुमच्या बायची कवळी गळायची!"

"कवळी नाही, माझेच आहेत!" बाय बत्तीस नसलेलं तोंड उघडून ओरडते, पण टेम्पो लांब गेला आहे. ती माझ्या हाताला धरते. "उठव," म्हणते, आणि उठता उठता ओठ हलवायला लागते. उद्याची पहिली ओळ जुळते आहे.