सहलीचं जेवण आधीच विकत घ्यावं का?

भातकापणी, झोडणी उरकली की गटागटांत सहलीचा विषय निघतो. पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन ठरलेलं असायचं. पाली, महड, फार तर रायगड. आता मुलं मोबाईलवर बघून हट्ट धरतात, "आई, इमॅजिकाला जाऊ." ताम्हिणीकरांना ते काही जगाच्या टोकाला नाही. घाट उतरायचा, कोलाड, वाकण फाटा, पाली करत खोपोलीच्या रस्त्याला लागायचं की आलं. २०१३ साली हे पार्क सुरू झालं, शेजारचं पाण्याचं पार्क पुढच्या वर्षी. लोणावळ्याकडे वेट एन जॉय आहे. म्हणजे आपल्या दोन्ही बाजूंना सोय झालीय.

बुकिंगला फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारते, "मॅडम, मील कूपन ॲड करू का?" इथे आपल्या बायका अडतात. हो म्हणावं तर माणशी तीनचारशे वाढतात, नको म्हणावं तर आत उपाशी राहायची भीती. यंदा हाच प्रश्न ग्रामसंघाच्या बैठकीत दोनतीन गटांनी काढला, म्हणून जरा नीट मांडते.

आधी ही कूपनं किती तऱ्हेची असतात ते बघू. एक, नुसतं दुपारचं जेवण, बहुतेक बुफे. दुसरं, दिवसभराचं पॅकेज, ज्यात नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचा चहा येतो. तिसरा प्रकार म्हणजे कार्डात किंवा मनगटाच्या पट्ट्यात आधी पैसे भरायचे आणि आत लागेल तसे खर्च करायचे. तिन्हीत पैसे आधी जातात, पण तिन्हींचा हिशेब वेगळा.

पार्कवाले आधी पैसे का मागतात? एक कारण सरळ आहे, किती माणसांचा स्वयंपाक करायचा ते कळतं. आपल्या घरी कार्य असलं की आपणही माणसं मोजूनच तांदूळ वैरतो. दुसरं कारण ते सांगत नाहीत. ज्याने कूपन घेतलं पण वापरलं नाही, त्याचे पैसे त्यांच्याकडेच राहतात. ही युक्ती जगभर चालते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिस्नेचं मोठं पार्क आहे, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. तिथल्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी २००५ पासून जेवणाची आगाऊ योजना आहे. करोनात २०२० ला ती बंद झाली आणि जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. तिथे माणशी ठरावीक जेवणं खात्यात जमा होतात आणि जी उरतील ती निघायच्या दिवशी मध्यरात्री संपतात. मग लोक शेवटच्या दिवशी भूक नसताना खाऊचे पुडे उचलत फिरतात. तिथली माणसंही दरवर्षी कागद-पेन्सिल घेऊन बसतात, घ्यावं का नको म्हणून. आपण एकट्याच अडाणी नाही.

आता आपला हिशेब. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्या पार्कचे भाव नाहीत. खरे भाव फोन करून वहीत लिहून घ्या आणि याच रीतीने मांडा.

धरा, दिवसभराचं पॅकेज ४५० रुपये. आत काउंटरवर सुटं घेतलं तर नाश्ता १२०, बुफे जेवण ३५०, चहा आणि सोबत काही ६०, म्हणजे ५३० झाले. पॅकेज घेतलं तर माणशी ८० रुपये वाचतात. पावतीवर हेच दाखवतात आणि ते खोटंही नसतं.

पण आपला दिवस कसा जाणार ते बघा. गाडी ताम्हिणीतून उजाडायच्या आत निघणार. बायका घरून भाकरी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी घेणारच, त्याशिवाय आपल्यातली एक तरी घराबाहेर पडते का? पालीच्या आसपास थांबून सगळ्या खाणार. पार्कात पोचल्यावर नाश्त्याच्या खिडकीकडे कोण जाणार, मुलं तर आधी पाळण्यांकडे पळणार. संध्याकाळी घाट अंधारात नको म्हणून पाचला निघायचं. चहाच्या वेळेला अर्ध्या बायका ओले कपडे बदलायच्या रांगेत असतात. म्हणजे ४५० मोजून खाल्लं काय? एक जेवण, ज्याची काउंटरवर किंमत ३५०. वाचले ८० नाहीत, गेले १००. तीस बायकांचे तीन हजार. महिना शंभर रुपये बचत असलेल्या तीस जणींची ही एका महिन्याची पूर्ण बचत झाली, न प्यायलेल्या चहापायी.

म्हणून दिवसभराचं पॅकेज आपल्यासारख्यांना परवडत नाही, असं माझं मत आहे. जे जवळच मुक्कामाला आहेत, सकाळी रिकाम्या पोटी येतात आणि रात्री बंद होईपर्यंत थांबतात, त्यांना परवडत असेल.

नुसत्या जेवणाचं कूपन मात्र वेगळी गोष्ट आहे. धरा ते आधी घेतलं तर ३२०, आत ३५०. सुटी प्लेट, समजा पुलाव किंवा राजमा-भात, २२० ला मिळते. तीच स्वस्त, असं वाटेल. पण दिवसभर हुंदडून आलेल्या बाईचं त्या एका प्लेटमध्ये भागत नाही. वर शंभर-सव्वाशेचं काहीतरी घेतलं की तिथेच आलो.

आणि इथे एक गोष्ट आकड्यात येत नाही, ती सांगते. आत काउंटरपाशी गेल्यावर भाव बघून आपली बाई काय करते? मुलाला प्लेट घेऊन देते आणि स्वतः म्हणते, "मला भूक नाही गं, सकाळचं पोटात आहे." ऊन डोक्यावर, पाण्यात भिजलेली, दिवसभर पोरांच्या मागे. मग परतीच्या गाडीत डोकं धरून बसते, घाटात उलट्या होतात. कूपन आधी काढलेलं असलं की हा प्रश्नच उरत नाही. पैसे गेलेत म्हटल्यावर ती जेवते. निवांत बसून, ताट भरून, आयतं वाढलेलं जेवते, तेही वर्षातून एकदाच. माझ्या मते प्रत्येक मोठ्या बाईसाठी जेवणाचं कूपन घ्यावं ते याच कारणासाठी, तीस रुपये वाचतात म्हणून नाही.

मुलांचं उलटं आहे. आठ वर्षांचं एक आणि चार वर्षांचं एक अशी दोन मुलं सोबत असली, तर आईचं पॅकेज ४५० आणि मुलांची ३५० प्रमाणे दोन, मिळून ११५० होतात. त्याऐवजी आईचं जेवणाचं कूपन ३२० आणि दोघा मुलांत मिळून २२० ची एक सुटी प्लेट, हे झाले ५४०. सहाशे दहा रुपये हातात राहिले. पाळण्यात बसून पोट ढवळलेली मुलं बुफेत दोन घास खातात आणि आईस्क्रीम मागतात, हे काय सांगायला हवं? मात्र बुफेच्या एका ताटात मुलाला भरवू देत नाहीत, म्हणून प्लेट सुटीच घ्या. अनेक ठिकाणी मुलाचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. जेवणाचं कूपनही त्याच मापाने लावतात का, ते विचारा. उंच पोराला मोठ्या माणसाचं ताट गळ्यात पडायला नको.

तारखेचंही बघा. आपण गर्दी टाळायला आणि तिकीट स्वस्त पडतं म्हणून आठवड्याच्या मधला वार धरतो. सहली निघतात नेमक्या मार्गशीर्षात. गुरुवार आला की निम्म्या बायकांना उपवास! संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत तोंडात काही नाही. त्या दिवशीची कूपनं म्हणजे पैसे पाण्यात. बुकिंग करायच्या आधी कालनिर्णय उघडा. ज्यांचा त्या महिन्यात मांसाहार वर्ज्य असतो, त्यांच्यासाठी शाकाहारी बुफे वेगळा आणि स्वस्त आहे का, तेही विचारून घ्या.

फोनवर आणखी काय विचारायचं? कूपन कुठल्या हॉटेलात चालतं आणि किती ते किती. पार्क मोठं असतं, जेवायला या टोकाचं त्या टोकाला जाण्यात तास जातो. तीसच्या वर माणसं असली तर गटाचा दर काय, ड्रायव्हर आणि क्लीनरचं जेवण त्यात धरणार का. आजारपण, पाऊस, काही अडचण आली तर तारीख बदलून मिळते का, एखादी बाई आली नाही तर तिच्या जेवणाचे पैसे परत मिळतात का. कार्डात पैसे भरायचे असतील तर उरलेले त्याच दिवशी रोख मिळतात का, आणि कुठल्या खिडकीवर. हे सगळं फोनवर ऐकून सोडू नका, "ताई, एवढं व्हॉट्सॲपवर पाठवा" म्हणा. एका गटाला जेवण साडेतीनपर्यंत आहे असं फोनवर सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात तीनलाच भांडी उचलली. लेखी काही नव्हतं, भांडून उपयोग झाला नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. त्यामुळे उरलेल्या भाकऱ्या गाडीतच ठेवा. एकदा बाहेर आलं की परत आत सोडतात का, हेही आधी विचारा. सोडत असतील तर दुपारी गाडीपाशी येऊन जेवता येतं आणि मग कूपनाची गरजच नाही. तान्ह्या बाळाचं खाणं आणि शुगरवाल्या बाईचं औषध-बिस्किट याबद्दल गेटवर नम्रपणे पण ठाम बोला. सिनेमागृहांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं होतं, की बाहेरचं खाणं बंद करायचा हक्क मालकाला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि बाळाचं खाणं अडवू नये. तो निकाल सिनेमागृहांचा आहे, तरी न्यायाची बाजू कुठली ते त्यातून कळतं. आत पाण्याचे नळ कुठे आहेत ते शिरल्या शिरल्या विचारून घ्या, नाहीतर निम्मे पैसे बाटल्यांत जातात.

बाटलीचं म्हणाल तर, टपरीवजा दुकानातून नुसती बंद बाटली घेतली तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. हॉटेलात बसून, वाढून दिलं तर जास्त घेऊ शकतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. फसवणूक वाटली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. पावती जपून ठेवा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेली तर त्याला फी लागत नाही.

पैशांबद्दल एकच. सहलीचा खर्च ज्या त्या बाईच्या वर्गणीतून व्हायला हवा. फिरत्या निधीला आणि समुदाय गुंतवणूक निधीला हात नाही, तो कर्जासाठी आहे. कूपनं गटाने एकत्र घेतली तर एक पावती येते, कोषाध्यक्ष ताईंना वहीत एकच नोंद करावी लागते, हा एक फायदा.

आता हीच गोष्ट उलट बाजूने बघू, कारण पावसाळ्यात विकणाऱ्या आपण असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शनिवार-रविवारी ताम्हिणीत गाड्यांची रांग लागते. पुण्याहून फोन येतो, "मावशी, बारा जणांचं जेवण ठेवा, गावठी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या." आपण पहाटे उठून कोंबड्या कापतो, वाटण करतो आणि दोन वाजले तरी गाडी येत नाही. फोन लागत नाही, घाटात रेंज कुठली! धरा, माणशी २५० प्रमाणे तीन हजारांचं जेवण आणि सामानाला लागलेले चौदाशे. ते चौदाशे आपल्या अंगावर. निम्मी रक्कम, दीड हजार, आदल्या दिवशी मोबाईलवर घेतलेली असती तर निदान सामान तरी निघालं असतं. तेव्हा आगाऊ मागायला लाजू नका. दिवसभराच्या पॅकेजमध्ये जेवण धरून पैसे आधी घेणं कृषी पर्यटन केंद्रांत सर्रास चालतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, तेव्हापासून शहरातल्या लोकांनाही ही पद्धत ओळखीची झालीय.

फक्त पार्कसारखं न खाल्लेल्याचे पैसे गिळून बसू नका. बारा सांगून नऊ आले तर तिघांचं डब्यात बांधून द्या, पुढच्या शनिवारी तेच फोन करतील. घाट बंद झाला तर पैसे परत किंवा दुसरी तारीख. जून २०२४ अखेर भुशी धरणाजवळची दुर्घटना झाली आणि जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर बंदी घातली, तेव्हा त्यात ना पाहुण्यांची चूक होती ना आपली.

पाहुण्यांना पाठवायचा मजकूर तयार करून ठेवलाय, आपापल्या फोनमध्ये उतरवून घ्या:

"नमस्कार. आपलं __ जणांचं जेवण __ तारखेला __ वाजता ठेवलं आहे. माणशी __ रुपये. निम्मी रक्कम आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाठवावी. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवलं तर पूर्ण पैसे परत. त्यानंतर स्वयंपाकाची तयारी सुरू होते, म्हणून आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. घाट बंद झाला तर पैसे परत किंवा आपण सांगाल ती तारीख. माणसं कमी आली तर उरलेलं जेवण बांधून देऊ. उपवासाचं, बिनतिखटाचं हवं असेल तर आधी सांगावं."