विमानतळावरची झडती आणि आपली पिशवी



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि बाकीच्या बाया उठल्यावर एक काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, तिथं म्हणे अंगाला हात लावून तपासतात. खरं का?"

काकूंची लेक शारजाला असते. तिचं पहिलं बाळंतपण आहे. जावयांनी तिकीट पाठवलं, पासपोर्ट झाला, व्हिसा आला, आणि काकूंची झोप उडाली. विमानात बसायची भीती नाही त्यांना. भीती आहे ती त्या दाराची, ज्यातून जाताना शिट्टी वाजते आणि सगळे आपल्याकडे बघतात.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आखातातला माणूस नाही असा वाडा किंवा मोहल्ला शोधावा लागेल. पूर्वी पुरुष जायचे नि बाया मुंबईपर्यंत पोचवायला जायच्या. आता आया, सासवा जातात, उमराहला बायकांचे जथे जातात. म्हणून आज ही तपासणी कशी असते ते सांगते. मी स्वतः भावाकडे मस्कतला गेले होते तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कोकमाच्या आगळाची अख्खी बाटली तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावी लागली, आणि ती आईनं घातलेल्या आगळाची होती.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, हात लावून तपासतात. पण तपासणारी बाईच असते. आपल्या मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. बायकांची रांग वेगळी असते. धातू ओळखणाऱ्या चौकटीतून गेलं की पुढं तीन बाजूंनी पडदा लावलेली लहानशी जागा असते. आत खाकी गणवेशातली बाई उभी. ती आपल्याला लाकडी पायरीवर उभं करते, हात बाजूला पसरायला सांगते आणि पोळपाटाएवढं नाही, पण लाटण्याएवढं एक यंत्र अंगाजवळून फिरवते. मग हातानं पाठ, कंबर, खांदे चाचपते. अंबाडा असेल तर तोही दाबून बघते. मिनिटभराचं काम. बुरखा किंवा नकाब असेल तर तोंड बघायचं कामही ती पडद्याआडच करते, आणि नसेल करत तर "पडद्यात बघा" म्हणून सांगायचं. सांगण्यात काही चूक नाही.

यंत्र वाजतं, ते बहुतेकींचं वाजतं. मंगळसूत्राला वाजतं, बांगड्यांना वाजतं, परकराच्या नाडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनेला वाजतं. वाजलं म्हणजे आपण चोर ठरलो नाही. धातू कुठं आहे एवढंच ते सांगतं. आपल्याकडे मंगळसूत्र बहुतेक वेळा काढायला लावत नाहीत, वरून यंत्र फिरवून बघतात. परदेशातल्या विमानतळावर जाड पाटल्या, कंबरपट्टा काढायला सांगू शकतात. काढायचं नसेल तर वेगळ्या खोलीत बाईकडून तपासणी मागता येते. अमेरिकेत तर खोलीत आपल्याबरोबर सोबतीण असू द्या, असंही म्हणता येतं. नाजूक गोष्ट आहे, पण सांगितलेली बरी. काही देशांत काचेच्या कपाटासारख्या यंत्रात हात वर करून उभं राहावं लागतं. अमेरिकेतल्या या यंत्राच्या पडद्यावर आपलं अंग दिसत नाही. मुलं काढतात तशी एक ठोकळा आकृती दिसते आणि जिथं काही वेगळं असेल तिथं चौकोन येतो. साडीच्या निऱ्यांवर तो हमखास येतो. सॅनिटरी पॅडमुळेही येऊ शकतो. अशा वेळी गोंधळून जायचं नाही. पॅड आहे म्हणून सरळ सांगायचं, समोर बाईच असते.

गुडघ्याची वाटी बदललेली असेल, हाडात रॉड असेल, तर यंत्र वाजणार हे धरूनच चला. डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवा. त्यामुळे झडती टळत नाही, पण समजावत बसावं लागत नाही. पेसमेकर असेल तर यंत्र फिरवायच्या आधीच सांगायचं आणि हातानं तपासायला लावायचं. पाय दुखत असतील तर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची मागून ठेवा. पण खुर्चीतल्या माणसाचीही तपासणी होते बरं का.

आता पिशवीकडे येऊ. रडू तिथं येतं, झडतीत नाही.

आपल्याजवळ दोन प्रकारचं सामान असतं. मोठी बॅग काउंटरवर वजन करून देतो, ती विमानाच्या पोटात जाते. हातातली पिशवी आपल्याबरोबर वर येते, ती बहुतेक कंपन्या सात किलोपर्यंत चालवतात. हातातल्या पिशवीत पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. इथं सगळ्या फसतात. दोनशेच्या बाटलीत तळाशी पन्नासच उरलंय, तरी चालत नाही. बाटलीचं माप धरतात, आतल्या मालाचं नाही. आणि पातळ म्हणजे फक्त पाणी नव्हे. तूप, दही, लोणचं, खोबरेल तेल, टूथपेस्ट, आंब्याचा रस, सगळं त्यात. थंडीत खोबरेल गोठतं म्हणून ते घट्ट ठरत नाही. लहान बाळ बरोबर असेल तर त्याचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं नेता येतं. पातळ औषधही, पण चिठ्ठी दाखवून.

हा नियम कुणाच्या लहरीनं झालेला नाही. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये एक कट उघडकीला आला. सरबताच्या बाटल्यांमधून स्फोटक द्रव नेऊन अमेरिका आणि कॅनडाला जाणारी विमानं उडवायची, असा तो बेत होता. तेव्हापासून जगभर बाटल्यांवर नजर आहे. आता काही विमानतळांवर नवी यंत्रं आली आहेत आणि तिथं नियम सैल होतोय. पण तुमचं विमान वाटेत दुसरीकडे थांबणार असेल तर तिथला नियम वेगळा असू शकतो. म्हणून शंभरच धरून चला.

वाटेतल्या थांब्याचं मुद्दाम सांगते. मुंबईला तपासणी झाली म्हणजे सुटलो असं नसतं. दोहा, दुबईला विमान बदलताना पुन्हा मशीन, पुन्हा चौकट. आत आल्यावर विकत घेतलेली पाण्याची बाटलीही तिथं जाते. अमेरिकेला जाणारीनं तर पहिल्याच विमानतळावर मोठी बॅग उतरवून घ्यायची, कस्टममधून न्यायची, पुन्हा द्यायची आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीतल्या पिठा-मसाल्यावरही साडेतीनशे मिलिलिटरची मर्यादा आहे, 2018 पासून. त्यामुळे मेतकुटाचा डबा मोठ्या बॅगेत घाला. आपल्याकडूनही तिखट, मिरीपूड हातात नेऊ नका. तो स्प्रेसारखा वापरता येणारा माल समजतात.

अडकित्ता, विळीचं पातं, सुरी, नारळ खोवायची खोवणी, कात्री हे सगळं मोठ्या बॅगेत. अडकित्त्याचं हसू येतं खरं, पण पानाच्या चंचीत तो आपल्याला इतका सवयीचा असतो की ते हत्यार आहे हे ध्यानातच येत नाही. काडेपेटी आणि लायटर कुठंच नाही, ना हातात ना मोठ्या बॅगेत. मोबाईलची पॉवर बँक मात्र उलटी. ती हातातच पाहिजे. मोठ्या बॅगेत सापडली तर तुम्हाला नाव पुकारून बोलावतात आणि सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात.

खोबऱ्याच्या वाट्या! मोठ्या बॅगेतही चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, कोंडलेल्या जागी ऊब धरून ते आपोआप पेटू शकतं. म्हणून जगभर त्याला धोकादायक मालात धरतात. नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं 2022 मध्ये आपल्याकडेही त्याला मज्जाव केला. नारळाच्या गावच्या बाईला हे पटवून देणं किती अवघड, ते मला विचारा.

आणि काकूंच्या लाडवांचं. डिंकाचे लाडू, बाळंतिणीसाठी, त्यात भाजलेली खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, कतार आणि सौदीतही. खसखस अफूच्या बोंडातलं बी असतं, म्हणून तिकडे ती अमली पदार्थाच्या कायद्यात बसते. शारजाला उतरल्यावरही बॅग मशीनमधून जाते. लाडू, अनारसे, घरचा गरम मसाला, सगळ्यात ती लपून असते आणि आपल्या मनात पाप नसतं. कायदा मन बघत नाही. औषधांचंही तसंच. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आखातात परवानगीशिवाय नेता येत नाही. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. वैद्यांच्या पुड्या कागदात बांधून नेऊ नका. पांढऱ्या चूर्णाची पुडी तिथल्या शिपायाला सितोपलादी वाटणार नाही.

आता ज्यासाठी मी आज बोलायला बसले ते. परदेशी जाणार म्हटलं की गावातली चार माणसं पिशवी घेऊन येतात. "आमच्या अमक्याला एवढं द्या." आपल्याला नाही म्हणवत नाही. बाईमाणसाला तर मुळीच नाही, नातं तुटतं. पण विमानतळावर विचारतात, "बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही दिलंय का?" या प्रश्नामागं 329 माणसांचा जीव आहे. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं कनिष्क विमान कॅनडातून लंडनमार्गे दिल्लीकडे येत असताना आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. बॉम्ब एका बॅगेत होता. ती बॅग व्हँकूवरला चढवणारा माणूस स्वतः विमानात बसलाच नव्हता. तेव्हापासून बॅग आणि तिचा मालक एकत्र आहेत का, आत काय आहे हे मालकाला माहीत आहे का, हे बघितलं जातं.

बॉम्ब लांब राहो, अमली पदार्थाचं बघा. 2019 मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याला उतरलं. नात्यातल्या माणसानं दिलेलं एक पाकीट त्यांच्याजवळ होतं. त्यात चरस निघाली. दहा वर्षांची शिक्षा झाली. ती पोरगी गरोदर होती, तुरुंगात बाळंत झाली. त्यांना फसवलं होतं हे सिद्ध व्हायला आणि घरी यायला 2021 उजाडलं. पाकीट देणारं माणूस परकं नव्हतं, हे लक्षात घ्या.

म्हणून मी आमच्या गटात सांगून ठेवलंय, जाणाऱ्या बाईला अडचणीत टाकायचं नाही. कुणाला काही पाठवायचंच असेल तर उघडं आणावं, तिच्या डोळ्यांसमोर एकेक वस्तू ठेवावी, शिवलेलं, चिकटवलेलं, सेलोटेप लावलेलं काही नको. आणि ती नाही म्हणाली तर तोंड वाकडं करू नये. नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव सांगा, ताईंनी मनाई केली म्हणून. मला राग आलेला चालतो. रांगेतही अनोळखी कुणी म्हणालं, "माझं वजन जास्त होतंय, एवढी पिशवी धरा", तर ऐकायचं नाही. मग ते कितीही रडवेलं तोंड करोत.

मशीनपाशी घाई करू नका. मोबाईल, चार्जर, सुटे पैसे, पर्स सगळं ट्रेमध्ये ठेवा आणि आपला ट्रे मशीनच्या आत जाईपर्यंत तिथून हलू नका. पासपोर्ट पर्समध्येच राहू द्या, ट्रेमध्ये मोकळा टाकू नका. पलीकडे पोचल्यावर आधी आपला ट्रे, मग बाकी बोलणं. बॅग वेगळी काढून उघडायला सांगितली तर शांतपणे उघडा, आपणच हात घालायच्या आधी विचारा. आणि थट्टेतही "बॉम्ब" हा शब्द काढू नका. विमान चुकेलच, वर पोलीस ठाणं बघावं लागेल. तीन तास आधी पोचायला सांगतात ते याचसाठी. कोकणातून जाणाऱ्यांनी तर घाट आणि महामार्ग धरून आदल्या दिवशीच मुंबईला मुक्कामी जावं, हे माझं मत.

उमराहहून येणाऱ्या बहिणींना एवढंच, झमझमचं पाणी हातातल्या पिशवीत नको. विमान कंपनी सांगेल तसा सीलबंद डबा वेगळा ठेवा.

काकूंचं विमान येत्या मंगळवारी आहे. लाडू खसखशीशिवाय वळून झाले. आगळ प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत बसलं. शेजारणीनं आणलेलं शिवलेलं गाठोडं काकूंनी परवा माझ्यासमोर परत केलं, थोड्या थरथरत्या हातानं. चंचीतला अडकित्ता काढायला मात्र त्या तयार नाहीत. तो मीच सोमवारी जाऊन काढून घेणार आहे.