रुमालात बांधलेलं कोल्हापूर

1850 साल. हिंदुस्थानात आगगाडी धावायला अजून तीन वर्षं होती, मुंबई विद्यापीठ निघायला सात. त्या वर्षी कोल्हापुरात 'नेटिव्ह लायब्ररी' सुरू झाली. तेच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. योग असा, की ब्रिटिश पार्लमेंटनं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तोही 1850 मध्येच! आणि भारतातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली केला तो कोल्हापूर संस्थानानं. मद्रासचा 1948 चा, महाराष्ट्राचा तर 1967 चा.

पुस्तकांवर असा जीव असलेल्या गावात कागदही टिकतात. इतिहास, भाषा, समाज यांचा अभ्यास करणाऱ्याला हीच प्रयोगशाळा. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तो हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला. त्या दिवशी कारकुनाच्या लेखी तो इतर हुकमांसारखाच एक असेल. कुणी तरी ते गॅझेट जपलं, म्हणून आज आरक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या पानापाशी यावंच लागतं.

खरी गंमत मोडी कागदांत आहे. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली बोरूनं अक्षरं सलग वळवत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्यानंच शब्द तोडायचे. त्यात तारीख अशी: 'सीत सलासीन मया व अलफ'. मंत्र वाटतो ना? पण हे अरबी आकडे आहेत. सहा, तीस, शंभर आणि हजार, म्हणजे 1136. हा सुहूर सन. त्यात 599 मिळवा, की 1735 साल हाती येतं. हे वर्ष सुरू कधी व्हायचं, तर सूर्य मृग नक्षत्रात शिरला की! अरबी शब्दांतला सन आणि त्याचा पाडवा आपल्या शेतकऱ्याच्या पेरणीला. दोन जगं एका ओळीत कशी नांदली, हे मला तरी कुठल्याही बखरीपेक्षा अद्भुत वाटतं.

असे कागद वाचूनच शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादित केली. विद्यापीठानं ती छापली, म्हणून मोडी न येणाऱ्यालाही ताराराणींचा काळ मूळ पत्रांतून वाचता येतो.

तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं फडकं असेल, आत पिवळे कागद असतील. ते रद्दीत घालू नका, चिकटपट्टीही लावू नका. कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा दाखवा.