आभाळ की पान?

उर्दू माध्यमातून चौथी झालेली एक मुलगी पाचवीला आमच्या मराठीच्या वर्गात आली. पहिल्याच आठवड्यात मोठ्याने वाचताना तिने ‘कमळ’ला ‘कमल’ म्हटले. मागच्या बाकावरचे तिघे हसले. उर्दूत ‘ळ’ नाही. चूक जिभेच्या सवयीची होती. पण त्या दिवसापासून मराठीच्या तासाला तिचे पोट दुखू लागले. महिनाभराने तिच्या अम्मी आल्या. म्हणाल्या, “टीचर, शाळाच नको म्हणते. घरी बसवू का हिला?”

आम्ही आधी मुलीला तेच सांगितले होते, जे बहुतेक मोठी माणसे सांगतात: “एवढ्याशा गोष्टीवरून रडायचे नसते.” उपयोग शून्य. कारण तिच्या मनात दोन वाक्ये घट्ट बसली होती: ‘सगळे मला हसतात’ आणि ‘मला मराठी कधीच येणार नाही’.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना पाहिले, की प्रसंगाबद्दल मनात आपोआप उमटणारा विचारच माणसाला खचवतो. तो विचार पकडून तपासायला शिकवणारी उपचारपद्धती त्यांनी उभी केली. मुलांना मात्र स्वतःचा विचार पकडता येत नाही. दुसऱ्याचा चटकन दिसतो. म्हणून गोष्ट.

आम्ही वर्गाला भित्र्या सशाची गोष्ट सांगितली. पाठीवर पान पडते, ससा ‘आभाळ कोसळले’ म्हणत पळतो, सगळे रान त्याच्यामागे पळते. सिंह तेवढा थांबतो आणि विचारतो, “कुठे कोसळले? चल, दाखव.” हीच गोष्ट जातककथांत आहे, तिथे बेलफळ पडते. सिंह सशाला रागावत नाही, त्याला त्या जागी परत घेऊन जातो.

तास संपल्यावर आम्ही त्या मुलीला जवळ बसवले. “किती जण हसले होते?” “तीन.” “वर्गात किती मुले?” “बेचाळीस.” “ओळी किती वाचल्यास?” “आठ.” “चुकलेले शब्द?” “एक.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे पान.”

घरी हे सहज करता येते. मगरिबनंतर किंवा झोपताना गोष्ट सांगा, पण तात्पर्य सांगू नका. “सशाला काय वाटले? खरे काय होते?” एवढेच विचारा. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात अडकलेल्या मुलाला मुल्ला नसरुद्दीन, त्याचा मुलगा आणि गाढव यांची गोष्ट सांगा. ‘आता सगळे संपले’ म्हणणाऱ्याला हजरत मूसा (अलै.) यांचा समुद्रकाठचा प्रसंग सांगा: मागे फिरऔनची फौज, पुढे पाणी, कौम म्हणाली आपण सापडलो, मूसा म्हणाले मुळीच नाही. पुढे मूल ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ असे बोलले, की हसून विचारा, “आभाळ की पान?”

दोन गोष्टी सांभाळा. खोटा गोड विचार देऊ नका. ‘तू सगळ्यात हुशार’ हेही खरे नसते. ‘ळ’ला सराव लागतो, हे खरे असते. आणि कधी खरोखरच दगड पडलेला असतो. कोणी मारत असेल, छळत असेल, तर विचार बदलायचा नसतो, मोठ्यांनी उठून जायचे असते. आम्हीही त्या तिघांशी बोललो. मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल किंवा जगणे नको म्हणत असेल, तर गोष्टींवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

ती मुलगी आता सहावीत आहे. परवा तिनेच वर्गात सशाची गोष्ट वाचली. एका ठिकाणी ‘आभाल’ म्हणाली, थांबली, ‘आभाळ’ म्हणाली आणि पुढे वाचत गेली.