शेवग्याच्या पाल्यातला गुण मोजतात कसा?

किन्हीराजा असो की मालेगाव तालुक्यातलं दुसरं गाव, शेवगा आपल्या ओळखीचा. कित्येक बचत गट त्याच्या पाल्याची पावडर विकतात. मग गिऱ्हाईक विचारतं, "यात फ्लेवोनॉइड किती?" ते कसं मोजतात, हे आज आपण समजून घेऊ.

कडक ऊन आणि किडीपासून बचावासाठी झाड जी द्रव्यं बनवतं, त्यांतली काही म्हणजे फ्लेवोनॉइड. शेवग्याच्या पाल्यात त्यातलं क्वेर्सेटिन असतं, कांद्यातही असतं. पावडर हिरवीगार म्हणून ते जास्त, असं मात्र नाही. तो रंग हरितद्रव्याचा.

एक गंमत करून बघा. खडूच्या बुडापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या आणि खडू थोड्याशा पाण्यात उभा करा. ठिपका बुडू देऊ नका. पाणी चढेल तसे काळ्यातले रंग वेगळे होतील. रशियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी १९०३ च्या सुमारास खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत पानांतले रंग असेच वेगळे केले.

आजच्या प्रयोगशाळेत पावडर तोलून मिथेनॉलमध्ये भिजवतात आणि अर्क गाळतात. पंप तो अर्क बारीक कणांनी गच्च भरलेल्या पोलादी नळीतून दाबाने ढकलतो. कणांना जास्त चिकटणारं द्रव्य उशिरा बाहेर पडतं. अतिनील प्रकाशात यंत्र ते टिपतं आणि आलेखावर शिखर उमटतं. शुद्ध क्वेर्सेटिन मोजून त्याच नळीतून सोडतात. दोन्ही शिखरं एकाच मिनिटाला आली, तर द्रव्य जुळलं असं धरतात. शिखराचा आकार दुप्पट, तर द्रव्यही दुप्पट.

रिपोर्ट हाती आला की तीन गोष्टी बघा. आकडा क्वेर्सेटिनचा आहे की सगळ्या फ्लेवोनॉइडचा? ओल्या पाल्याचा की सुक्या? ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणून सुक्याचा आकडा मोठाच दिसणार. आणि नमुना कसा घेतला? एकाच झाडाची निवडक पानं दिली, तर आकडा त्याच झाडाचा. सगळ्या झाडांचा पाला मिसळून मूठभर द्या.

शेवटी महत्त्वाचं. फ्लेवोनॉइड म्हणजे लोह नव्हे. रिपोर्टवरचा आकडा कितीही मोठा असो, रक्त कमी असेल तर दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या बंद करू नका आणि पावडर औषध म्हणून विकू नका. शेवगा ताटात राहू द्या, गोळी तिच्या वेळेला घ्या.